हुडुकवाल्याचे दोन डोळे

लढाईच्या सातव्या महिन्यात चित्रांतल्या माणसांनाही भरतीच्या नोटिसा निघाल्या आणि हरणटेकच्या संग्रहालयाच्या वाट्याला तीनशे बारा आल्या. त्या मी दोन दिवस बसून बजावल्या. म्हणजे ज्याच्या त्याच्या चौकटीखाली चिकटवल्या आणि समोर उभं राहून एकदा मोठ्याने वाचल्या, कारण यादीतल्या बऱ्याच जणांना वाचता येत नव्हतं.

मी इथला नोंदणी लिपिक, तळवणेकर. नोकरीला सव्वीस वर्षं झाली. अभिरक्षकाची जागा नऊ वर्षं रिकामी आहे, त्यामुळे त्यांच्या सह्याही मीच ‘अभिरक्षकांकरिता’ असं लिहून करतो. लढाई सुरू झाली तेव्हा मला वाटलं होतं, आपल्या खात्याला कोण विचारतंय. माझे अंदाज नेहमी असेच निघतात.

नियम सोपे होते. स्त्रियांना सूट. देवांना सूट, मात्र देव असल्याचा पुरावा जोडायचा. राक्षस सरसकट पात्र. जनावरं आणि फोटो वेगळ्या खात्यांकडे. ज्याची तारीख येईल त्याने सकाळी नऊ वाजता चित्रातून निघायचं आणि मागे जागा कोरी सोडायची. पहिल्या सोमवारी दिवाणसाहेब गेले. तैलचित्रात त्यांची खुर्ची तेवढी राहिली. मग शिकारीच्या चित्रातले चौदा हाकारे गेले आणि वाघ झुडपात एकटाच, कुणाला भ्यायचं ते न कळून, बसून राहिला. तीन आठवड्यांनी दिवाणसाहेबांचं कार्ड आलं: ‘इकडे पाऊस फार. उजव्या बाहीचा रंग गेला. बाकी ठीक. कळावे.’ मी त्यावर आवक क्रमांक टाकला आणि ते फायलीला लावलं.

चित्रांची देखभाल आमच्याकडे रेवती आरोलकर करत. पन्नाशीच्या बाई. लढाईआधी त्या नव्या धर्तीच्या चित्रकार होत्या, शहरांतल्या दालनांत त्यांची प्रदर्शनं लागत. एकदा त्यांनी चहाच्या चारशे गंजक्या गाळण्या छताला टांगल्या आणि लोक तिकीट काढून त्यांच्याखालून फिरले, असं त्यांनीच मला सांगितलं. लढाईत दालनं बंद पडली आणि बाई कंत्राटावर आमच्याकडे आल्या. त्यांचा एकच नेम होता: जुन्या चित्रात आपली एक रेघही घालायची नाही. धूळ काढायची, कीड मारायची, फाटलं ते सांधायचं, आणि उडालेला रंग उडालेलाच ठेवायचा.

“तळवणेकर, आजवर मी माझंच करत आले,” त्या म्हणायच्या. “आता कुणाचं तरी नुसतं सांभाळू दे.”

आमच्या संग्रहातली सगळ्यांत मोलाची वस्तू म्हणजे चंद्रभान राजाची पोथी. पोथी म्हणजे एकसष्ट सुटी चित्रं. ती एकेक करून लोकांसमोर धरायची आणि गाऊन आख्यान सांगायचं, हा बाबल आजाच्या घराण्याचा पिढीजात उद्योग. राजा लढाईला जातो, वाट चुकतो, बारा वर्षांनी घरी येतो, एवढीच गोष्ट. आजाने पोथी संग्रहालयाला दिली ती एका अटीवर, की दर मार्गशीर्षात नऊ संध्याकाळी आमच्या अंगणात आख्यान व्हायला हवं. घराण्याची आणखी एक रीत होती. एकदा पोथी सोडली की शेवटचं चित्र दाखवल्याशिवाय ती पुन्हा बांधायची नाही.

गेल्या मार्गशीर्षात चौथ्या संध्याकाळी, सत्ताविसाव्या चित्रावर भोंगा वाजला आणि लढाई सुरू झाली. दिवे बंद, जमाव बंद. तेव्हापासून पोथी माझ्या टेबलावर सुटी पडून होती आणि दर शनिवारी मी नोंदवहीत ‘पोथी: उघडी’ असं लिहीत होतो. राजा सात महिने रानात वाट चुकून उभा होता. जेवणाचा डबा मी दुसऱ्या टेबलावर उघडायचो.

पोथीतल्या दोनशे चौदा पुरुषांची तपासणी करायला भरती अधिकारी इंगळे आले. माणूस वऱ्हाडकडचा, सभ्य, आणि इतका दमलेला की खोलीत शिरताना आधी खुर्चीकडे बघायचा. त्यांच्याजवळ छापील तक्ता होता. उंची, छाती, पाय, डोळे. त्यांनी पहिलं चित्र भिंगातून पाहिलं, मग दुसरं, मग तिसरं.

“यांना एकच डोळा आहे,” ते म्हणाले.

“बाजूने काढलेत ना,” रेवतीबाई म्हणाल्या. “या चित्रांची तऱ्हाच तशी असते.”

“म्हणजे दुसरा डोळा पलीकडच्या बाजूला आहे?”

“असणार.”

“‘असणार’ असं तक्त्यात लिहिता येत नाही, बाई. पलीकडून कुणी पाहिलाय?”

कुणीच पाहिला नव्हता. इंगळेंनी खात्री करायला कागद उलटून पाहिला. पाठीला पाठ लावून दुसरं चित्र चिकटवलेलं होतं आणि त्यातलेही सगळे एकाच डोळ्याचे होते. मग त्यांनी पेन उघडलं आणि दुपारभर एकच वाक्य लिहिलं: दुसरा डोळा आढळला नाही, सबब अपात्र. राजा चंद्रभान अपात्र ठरला, त्याचा प्रधान अपात्र ठरला, दोन्ही बाजूंचं सैन्य अपात्र ठरलं. मला फार आनंद झाला. तो दिसू नये म्हणून मी चहाबरोबर बिस्किटंही मागवली.

एकसष्टावं चित्र शेवटी आलं. राजा घरी पोचतो ते. दारात आरतीचं तबक घेतलेली राणी, तिच्यासमोर राजा, आणि खाली कोपऱ्यात बसलेला एक हुडुकवाला. हुडुक म्हणजे हातात धरून वाजवायचं, मधे बारीक असलेलं लहानसं चामड्याचं वाद्य. या माणसाचं तोंड समोर होतं. अख्ख्या पोथीत तो एकटाच आपल्याकडे बघत होता.

“डोळे दोन,” इंगळे म्हणाले. “सक्षम.” त्यांनी तीन आठवड्यांनंतरच्या मंगळवारची तारीख घातली आणि हातातलं अर्धं बिस्कीट बशीत परत ठेवलं.

मी बाबल आजाला निरोप पाठवला. तो दुसऱ्या दिवशी अकराच्या एसटीने आला. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, आणि लहानपणी आंब्यावरून पडून मोडलेलं नाक. नोटीस त्याने माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

“तो माझो पणजो,” आजा म्हणाला. “तेनांच पोथी लिवली. लोकांका वाटता, चित्रातलोच कोण वाजपी. तेका दोन डोळे कित्याक? सांगणाऱ्याकडे बघूक. शेवटच्या चित्राक येतंय तेवा माझो आवाज बसलेलो असता, ताल सुटता. मगे मी तेच्याकडे बघतंय, तो माझ्याकडे बघता, आणि राजा घराक येता. तो नसलो तर राजा दाराभायरच रवतलो.”

“दुसरो कोणतरी वाजपी बसवलो तर?” मी विचारलं.

“तळवणेकरांनू, तुमी सायबाची सही करतास. म्हणान सायब झालास काय?”

रेवतीबाई कितीतरी दिवसांनी हसल्या.

सुटीसाठी आम्ही तीन अर्ज केले. पहिला वयाचा: हुडुकवाला दीडशे वर्षांहून जुना असल्याने वयोमर्यादेबाहेर आहे. उत्तर आलं, चित्रपुरुषाचं वय दिसेल तसं धरावं. हा तिशीचा दिसतो. दुसरा अर्ज कलावंत म्हणून. उत्तर आलं, कलावंतांचं वेगळं पथक असून तिथे हुडुकवाल्यांची निकड आहे. तिसऱ्यात मी घरचा एकुलता कमावता पुरुष असं लिहिलं होतं. तो उत्पन्नाच्या दाखल्याअभावी परत आला.

मग मीच सुचवलं की याचंही तोंड बाजूला फिरवलं तर? चित्रातल्या माणसाला चित्र सोडून जाता येतं, पण चित्रातल्या चित्रात हलता येत नाही. तो अधिकार कुंचल्याचा. तोंड फिरवायचं तर जुनं तोंड पुसायचं आणि नवं काढायचं.

बाईंनी कप खाली ठेवला. “म्हणजे मी पुसायचं.”

“तात्पुरतं. मागाहून धुऊन काढता येईल अशा रंगाने.”

बाईंनी तिथल्या तिथे इंगळेंना फोन लावला. “संशय आला की आम्ही ओला कापूस फिरवतो, बाई,” इंगळे म्हणाले. “रंग सुटला तर माणूस जातो आणि वर संग्रहालयावर केस होते.” मग फोनमधून दार लावल्याचा आवाज आला. “मी मंगळवारी येईन. मंगळवारी जेवढे डोळे दिसतील तेवढेच लिहीन. मले बी कोणाले न्यायची हौस नाही. आमच्या घरी माह्या आज्याचं चित्र होतं, जत्रेत काढलेलं. ते बी मीच नेलं.”

त्यानंतर चार दिवस बाई एकसष्टाव्या चित्रासमोर स्टूल टाकून बसून राहिल्या. कुंचला नाही, कापूस नाही. नुसत्या हुडुकवाल्याच्या डोळ्यांत बघत बसायच्या. शुक्रवारी मला राहवेना.

“बाई, बघून काय होणार?”

“पुसायच्या आधी पाठ करतेय.”

“मग कागदावर उतरवून ठेवा की.”

“उतरवला तर तो आणखी एक हुडुकवाला होईल, तळवणेकर. दोन डोळ्यांचा. त्यालाही नोटीस येईल.”

ते बरोबर होतं. फोटोचंही तेच, खातं वेगळं असलं तरी नोटीस तीच. ठेवायचं तर डोक्यातच ठेवायला हवं होतं, कारण डोक्यातल्या माणसांसाठी अजून खातं निघालेलं नव्हतं. मी पंखा बाईंच्या बाजूला वळवला आणि माझ्या कामाला लागलो.

आजाची एक हरकत होती. पोथी उघडी असताना सांगणाऱ्यावरून नजर काढायची नसते. आधी आख्यान पुरं व्हायला हवं, मग तोंड फिरवा. चार माणसांपर्यंत जमायला परवानगी होती, आम्ही तिघेच होतो. रविवारी दुपारी एक वाजता आजाने सत्ताविसाव्या चित्रापासून सुरुवात केली. मी चित्रं धरली, बाई समोर बसल्या. राजा रानातून निघाला, नदी ओलांडली, चोरांच्या तावडीत सापडला, सुटला. सहा वाजत आले तेव्हा शेवटचं चित्र माझ्या हातात होतं आणि आजाचा आवाज पार बसला होता. त्याने कोपऱ्यातल्या पणजोबाकडे पाहिलं. हुडुक वाजलं का, असं मला कुणी विचारलं तर मी लेखी काही देणार नाही. पण माझा पाय तालात हलत होता, आणि मला तालाचं काही कळत नाही. राजा घरी आला. आजाने पोथी लाल कापडात बांधली आणि मी नोंदवहीत ‘पोथी: बांधली’ असं लिहिलं.

सोमवारी ती गाठ सोडावी लागली नाही. आजानेच आख्यान संपल्यावर शेवटचं चित्र वेगळं काढून ठेवलं होतं. जुना रंगही सुटेल अशा द्रावणात भिजवलेल्या कापसाने बाईंनी हुडुकवाल्याचं तोंड पुसलं. तीन बोळे लागले. ते मी पाकिटात घालून वर लिहिलं, ‘पणजोबांचं तोंड, बोळे तीन.’ बाजूने तो कसा दिसायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून आजाला खिडकीशी आडवं बसवलं आणि त्याच्यावरून बाईंनी नवं तोंड काढलं, मोडक्या नाकासकट. रंग त्यांनी घरून आणला होता, ट्यूबमधला, वाळला की पाण्याला दाद न देणारा. जुन्या चित्रांच्या कामात तो रंग म्हणजे पापच. हवेत ओल होती, रंग वाळेना. मी टेबलावरचा दिवा दोन तास चित्रावर धरून उभा होतो.

“नोंद करा,” बाई म्हणाल्या. “एकसष्टावं चित्र, रेघ माझी. तारखेसकट.” मग त्या रडल्या. त्यांचा नेम मोडायची सूचना माझीच होती. मी धुतलेला कुंचला पुन्हा धुतला.

मंगळवारी इंगळेंनी ओला कापूस तीनदा फिरवला. रंग सुटला नाही.

“नाक मोडकं दिसतंय,” ते म्हणाले.

“घराण्यात आहे,” मी म्हणालो.

दुसरा डोळा आढळला नाही, असं त्यांनी लिहिलं. त्या दिवशी त्यांनी बिस्कीट पुरं खाल्लं आणि खुर्चीतच दहा मिनिटं डोळे मिटून बसले. आम्ही त्यांना उठवलं नाही.

दहाव्या महिन्यात शासननिर्णय आला. सीमेवरची परिस्थिती पाहता एका डोळ्याचे चित्रपुरुषही यापुढे सक्षम धरावेत.

तो घेऊन इंगळे स्वतः आले, पण बसले नाहीत. बाईंनी कागद वाचला, “बरं” म्हणाल्या आणि एका फाटक्या नकाशाला कागदाची पट्टी लावत राहिल्या. मी वाट बघत होतो की त्या भांडतील, निदान गाळण्या वगैरे काही टांगतील. त्या पट्टी लावत राहिल्या.

गुरुवारी नऊ वाजता दोनशे चौदा माणसं पोथीतून गेली. आख्यानाविना सोडली तर घराण्याची रीत लागत नाही, असं आजाने कळवल्यावर आम्ही ती सोडून टेबलावर मांडली होती. प्रधान गेला, दोन्ही सैन्यं एकमेकांत मिसळून गेली, चंद्रभान राजा वाटेतल्या सगळ्या चित्रांतून एकेक करत गेला. घोडे आदल्याच आठवड्यात गेले होते. शेवटी हुडुकवाला उठला. हुडुक त्याने मागे ठेवलं, कारण वाद्य हे साहित्यात मोडतं. बाजूने काढलेला असल्यामुळे जाताना त्याला आमच्याकडे बघता आलं नाही. ते मला फार लागलं. अजून लागतं.

मागे रानं राहिली, नदी राहिली, महाल राहिले, बायका राहिल्या. शेवटच्या चित्रात राणी तबक घेऊन दारात उभी होती आणि तिच्यासमोर कोरा कागद होता.

मार्गशीर्ष आला. बाबल आजा अकराच्या एसटीने आला. पाच महिन्यांत त्याची पाठ वाकली होती.

“आजा, पोथयेत कोण नाय आता,” मी म्हणालो. “सोडूच नको. सोडलीच नाय तर पुरी करूचो प्रश्न नाय.”

“बांदून ठेवली तर ती पोथी नाय, तळवणेकरांनू. ता गाठोडा.” त्याने गाठ सोडली.

नऊ दुपारी आख्यान झालं. मी रिकामी रानं धरली, रिकाम्या वाटा धरल्या, आणि आजा तिथे कोण उभं आहे ते गाऊन सांगत गेला. समोर एकट्या रेवतीबाई. इंगळे एकदा कामासाठी म्हणून आले आणि तासभर भिंतीला टेकून उभे राहिले.

नवव्या दुपारी शेवटचं चित्र माझ्या हातात आलं. आजाचा आवाज बसला. राजा वेशीतून आत आला, गल्लीतून आला, दाराशी आला, आणि ताल सुटला. आजाने कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे हुडुक पडलेलं होतं. त्याने पुन्हा सुरुवात केली, राजाला पुन्हा वेशीपासून आणलं, आणि दाराशी येऊन पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा तो वेशीपर्यंतही गेला नाही. माझे हात भरून आले होते. मला दिसत होतं की पोथी आता उघडीच राहणार, मी निवृत्त होईपर्यंत आणि नंतरही. ती बांधू शकणारा एकच माणूस उरला होता आणि त्याच्यानेही पुढचा मार्गशीर्ष निघेलसं वाटत नव्हतं.

बाई उठल्या. येऊन माझ्या पायाशी, चित्राच्या त्या कोपऱ्याखाली जमिनीवर बसल्या.

“गो बाय, तू हय कित्याक बसलंस?” आजा म्हणाला.

“त्यांचं तोंड मी पुसलंय, आजा,” बाई म्हणाल्या. “मला ठाऊक आहे ते कसे बघायचे.”

त्यांनी मान वर केली आणि आजाकडे पाहिलं. चार दिवस स्टुलावर बसून जे पाठ केलं होतं ते सगळं त्या बघण्यात होतं. मी त्यांच्या मागे होतो, मला त्यांचे डोळे दिसत नव्हते. आजाचे दिसत होते. ते आधी भरून आले आणि मग स्थिर झाले. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की माझा पाय हलतोय.

राजा घरी आला. राणीने तबक ओवाळलं. आजाने पोथी बांधली, पाणी मागितलं आणि एसटी गेली का विचारलं. बाईंचे गुडघे धरले होते, त्यांना मी हात देऊन उठवलं.

“पुढच्या वर्षीही बसेन,” त्या म्हणाल्या. “पण माझं कंत्राट मार्चपर्यंतच आहे.”

सगळे गेल्यावर मी नोंदवही उघडली. ‘पोथी: बांधली’ असं लिहिलं. मग कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या यादीतून रेवती आरोलकर हे नाव काढलं आणि ते संग्रहाच्या यादीत घातलं, कारण संग्रहातल्या वस्तूला मार्चमध्ये कमी करता येत नाही. तपशिलाच्या रकान्यात लिहिलं: एकसष्टावं चित्र, खालचा कोपरा, हुडुक वाजवणारी. डोळे दोन. पुढचा रकाना भरतीचा होता. तिथे ‘स्त्री, सबब सूट’ असं लिहिलं आणि खाली अभिरक्षकांकरिता सही केली.